जागा धरली होती, बस्स!

हा सिद्धेश आहे ना, आमच्या चाळ कमिटीचा सेक्रेटरी, ह्याला मी सकाळपासून सांगतोय की बाबा रे, मी पूजेला आलोय, तीर्थ घेणार, शिरा खाणार आणि गुडघा धरत घरी जाणार, माझ्या हातात तो माईक देऊ नको... तर दिला! "काका, ते शाळेचं सांगा ना, खालच्या टॉवरमधले पाहुणे आलेत, त्यांना माहीत नाय." अरे, नसेल माहीत तर नसू दे! त्यांना लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, आता वर माझी फजिती पण पाहिजे? आणि तो व्हिडिओ आहे ना मोबाइलमध्ये, अख्ख्या दुनियेने बघितलाय, तो लाव की! "नाय काका, तुमच्या तोंडून मजा येते." मजा! माणसाला टीव्हीवर बोगस ठरवला आणि ह्यांना मजा येते!

बोगस. मी. जयवंत पाष्टे. तुम्हाला सांगतो, ह्या घाटकोपरच्या डोंगरावर मी आलो तेव्हा पायऱ्या नव्हत्या, नळ नव्हता, रात्री घरी यायचं तर हातात काठी घेऊन, कुत्र्यासाठी नाय, सापासाठी. हे घर मी ह्या हातांनी उभं केलं. माझं रेशनकार्ड खरं, आधारकार्ड खरं, बायको खरी, चाळीस वर्षं बोलणी खातोय. दात तेवढे खोटे आहेत, पण ते पण सरकारी दवाखान्यातून बसवलेले, पावतीवर. आणि म्हणे बोगस!

बरं, आता माईक हातात आलाच आहे, तर नीट ऐका, मधेच मोबाइल वाजला तर मी खाली बसेन.

तुम्ही वर येताना डाव्या हाताला शाळा लागली असेल बघा. निळ्या खिडक्या, बैठी, पत्र्यावर भोपळ्याचा वेल चढलाय. वेल आमच्या सुंदराबाईचा. ही काय समोर बसलीय, हिरव्या पातळातली. घर हिचं शाळेला चिकटून, वेल लावला दारात, चढला शाळेवर, आणि भोपळे कुणाचे ह्यावरून आमच्यात दरवर्षी भांडण. शाळा महापालिकेची, मराठी, बारकी. पोरं पण बारकी आणि थोडी. पण होती ना! सकाळी ती प्रार्थना सुरू झाली की मला कळायचं, आता चहा प्यायची वेळ झाली. घड्याळ लागतंय कुणाला!

तर मधे ते राजकारण सुरू झालं. टीव्हीवर रोज तेच. बारक्या शाळांना पोरं नाय, मग कशाला चालवायच्या, बंद करा आणि मोठ्या शाळेत घाला. बंद असं बोलायचं नाय हां! 'समायोजन' बोलायचं. माणूस मेला की आपण 'वारला' बोलतो, तसं. आमचे भाऊराव, तुम्ही बॅनरवर बघता ते, हात जोडलेले, ते वर आले आणि ओट्यावर उभे राहून भाषण, "बंधूंनो, इथली मुलं आता खालच्या मोठ्या शाळेत जातील. डिजिटल फळा! संगणक! प्रशस्त मैदान!" हा भाऊराव ह्याच शाळेत शिकला हो, चौथीपर्यंत. चौथीत तर दोनदा. आवडलीच होती शाळा त्याला! मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाचा यज्ञेश आला, कडक इस्त्री, गॉगल डोक्यावर, "मराठी शाळा संपवण्याचा हा डाव आम्ही हाणून पाडू!" मी विचारलं, "बाबा, तुझी पोरं कुठल्या शाळेत?" तर बोलतो, "काका, तो विषय वेगळा आहे."

वेगळा कसा? तोच तर विषय आहे!

आणि ती मोठी शाळा कुठं आहे माहीत आहे का? अख्ख्या डोंगराच्या पायऱ्या उतरायच्या, बाजार ओलांडायचा, आणि आग्रा रोडच्या पलीकडे जायचं. तुम्ही आता त्याला एलबीएस बोलता. बोला. नाव बदललं म्हणून ट्रक काय हळू चालत नाय. माझी नात श्रुतिका तेव्हा तिसरीत. एवढीशी. मुंगी मेली असेल रस्त्यात तर तिथं उकिडवी बसून बघत राहणारी पोरगी, ती आग्रा रोड ओलांडणार? तिची आई मनाली मॉलमध्ये कामाला, बाप नितेश, म्हणजे माझा पोरगा, कुरिअरमध्ये. सकाळी दोघं बाहेर. मी नेऊन सोडलं असतं, पण ह्या गुडघ्याने उतरलो तर चढणार कधी? शाळा सुटायच्या वेळेला!

मग एक दिवस जेवताना नितेश ताटात बघत बोलला, "बाबा, शाळा खाली गेली ना, तर आम्ही बदलापूरला खोली घेऊ. तिथं बिल्डिंगच्या खालीच शाळा आहे."

विमला, आमची मंडळी, वाढता वाढता थांबली. मी बोललो, "भात वाढ." तुम्हाला सांगतो, ती पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी माझ्या खिशात हात घालते. खिशात मी शेंगदाणे ठेवतो. मला दात नाय, मी कशाला शेंगदाणे खाऊ? मी काय बोलत नाय, ती काय बोलत नाय, ती खाते, मी सालं धरतो. आता बदलापूरला काय मी खिसा पाठवू?

म्हणजे मला शाळेचं, मराठीचं, अस्मितेचं काय ते घेणं नव्हतं, ते भाऊराव आणि यज्ञेश बघून घेतील. मला एवढंच कळत होतं, शाळा राहिली तर पोरगी राहील. शाळा गेली की पोरगी गेली. मी दुसरीत गुरुजींनी छडी मारली म्हणून पळालो तो थेट मुंबईला आलो, मला शाळेची माया कुठून येणार? पण आली! ह्या वयात!

आणि त्यात आला शिमगा.

टॉवरवाल्यांनो, तुम्हाला होळी माहीत, एक दिवस रंग उडवला, झालं. आमचं तसं नाय. आमचा देव पालखीत बसून घराघरात येतो. वर्षभर आपण त्याच्याकडे जातो, शिमग्यात तो आपल्याकडे येतो. आणि देव दारात आला आणि घराला कुलूप? मग काय तोंड दाखवणार? म्हणून अख्खी चाळ गावाला. चिपळूण, संगमेश्वर, लांजा, जिकडची तिकडे. पोरं बाळं, बोचकी, कोंबडे सुद्धा! मागे कोण राहतं, तर ज्यांना येष्टीत बसवत नाय ते. म्हणजे मी, गुडघ्यामुळे. नाना घवाळी, त्याला ऐकू येत नाय, मागच्या वर्षी ढोलाच्या पुढंच चालत राहिला, पालखी दुसऱ्या वाडीला गेली आणि हा शेतात. तसली सगळी भंगार माणसं. आणि सुंदराबाई, तिचं गाव तिकडं साताऱ्याच्या पुढं, ती बौद्ध, तिला आमच्या पालखीचं काय नाय, पण चाळ रिकामी झाली की मांजरांना दूध आणि तुळशींना पाणी तीच घालते. विमला गेली गावाला. नितेश आणि मनालीला रजा नाय मिळाली, म्हणून श्रुतिका माझ्याजवळ.

आणि नेमका त्याच आठवड्यात साहेब आला शाळा तपासायला! कधी? शिमग्यात! अहो, कोकणातल्या माणसांची शाळा शिमग्यात तपासायची म्हणजे कोळ्याच्या घरी जाऊन नारळी पौर्णिमेला विचारायचं, होडी कुठाय? पण आला.

मी ओट्यावर बाम चोळत बसलेलो. श्रुतिका धावत आली, एक रिबीन सुटलेली, "आजोबा, चला! साहेब आलेत! वर्गात कोण नाय! बाई रडतील आता!" बाई म्हणजे मधुवंतीबाई, तिथल्या मास्तरीण, गरीब बाई, पोरांवर ओरडल्या की स्वतःच पाणी पितात.

मी बोललो, "अगं, मग मी येऊन काय करू?"

तर कमरेवर हात ठेवून बोलते, "जागा धरा!"

आता हे तिला शिकवलं कोणी? मीच! गुडघा धड होता तोवर गणपतीला येष्टी पकडताना मी खिडकीतून पंचा टाकायचो, मग हिला आत ढकलायचो, आणि सांगून ठेवलंय, सगळ्या सीटवर आडवी हो, आणि कोणी आलं तर बोलायचं, 'माणसं येतायत.' पंचा पडला की सीट आपली. हा येष्टीचा कायदा आहे. कलेक्टर आला तरी मोडत नाय. पोरीच्या डोक्यात तेच बसलेलं. शाळेत जागा रिकाम्या दिसल्या, मग धरायला माणूस नको?

आणि तुम्हाला सांगतो, मला ते पटलं! शिकलेला माणूस असता तर हसला असता. मी उठलो.

ती पुढं, मी मागं. "सुंदराआजी, चला! नाना, चला!" नाना विचारतो, "कोण गेलं?" त्याला वाटलं मयतीला जायचंय, तो टोपी घालून आला. सुंदराबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर. मी बोललो, "सुंदराबाई, तुमची नात संघमित्रा तर शाळेतच आहे, तिची जागा भरलेली आहे, तुम्ही कशाला?" तर बोलली, "गप बसा पाष्टे. त्या गुरवांचं पोरगं रोज माझ्या दारात जेवतंय, त्याची जागा मी न धरता कोण धरंल? तुमची पालखीतली वाघजाई?"

गेलो. वर्गात शिरलो. संघमित्रा आणि आणखी दोन-चार पोरं कोपऱ्यात भेदरून बसलेली. आणि श्रुतिका एकेकाला बसवतेय, "नाना, ही ओंकारची जागा, इथं खिडकीबाहेर बघायचं नाय. सुंदराआजी, तुम्ही इथं. आजोबा, तुम्ही पहिल्या बाकावर, तुम्हाला दिसत नाय ना लांबचं." ते बाक! त्याला फळी पुढंच जोडलेली, मधे जागा एका पोराच्या पोटाएवढी. माझे गुडघे आले कानाशी. नानाची टोपी खाली पडली, ती उचलायला वाकला तर बाकच उचलून आलं सोबत.

आणि साहेब दारात उभा.

सुकडा माणूस, चष्मा, हातात ते पाटीसारखं यंत्र. बघतोय. आम्ही बघतोय. मधुवंतीबाईंनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "सर... मुलं शिमग्याला गावी गेली आहेत... येतील पुढच्या आठवड्यात... आणि हे... हे म्हणजे..." आमच्यासाठी शब्दच नाय सरकारकडे!

श्रुतिका उभी राहिली. हाताची घडी. "सर, ह्यांनी जागा धरलीय."

"कसली जागा?"

तर सुंदराबाई मागून, पिठाचे हात वर करून, "येष्टीत धरत्यात तसली. पोरं येत्यात साहेब. येईस्तवर दुसऱ्या कुणाला बसू द्यायचं न्हाई."

साहेबाने चष्मा काढला. शर्टाला पुसला. परत घातला. मग माझ्याकडे वाकून हळूच विचारतो, "गाव कुठलं?"

"संगमेश्वर. तुमचं?"

"लांजा," बोलला. "काल आमच्याकडे पालखी आली. आई एकटीच होती घरी. मला रजा नाही मिळाली."

इतका वेळ मी त्याला मनात शिव्या देत होतो, त्या सगळ्या परत गिळाव्या लागल्या. मग तो सरळ झाला आणि साहेबाच्या आवाजात बोलला, "पण आजोबा, मला जे डोळ्यांना दिसतं तेच लिहावं लागतं."

मी बोललो, "मग लिहा ना! आम्ही काय दिसत नाय? एवढे एवढे आहोत!"

हसला. पहिल्यांदा. मग बाईंना बोलला, हजेरी घ्या. बाईंनी नाव घेतलं, संघमित्रा बोलली हजर. आम्ही सगळे चूप. आम्ही कशाला हजर बोलू, आम्ही काय चोर आहोत? आमची फक्त जागा धरलेली! पण हा नाना! ह्याला ऐकू येत नाय, ह्याने संघमित्राचं तोंड हललेलं बघितलं आणि लहानपणचं काय आठवलं देव जाणे, बाईंचं तोंड हललं की हा उभा राहून, "हजर!" ओंकार, "हजर!" तन्मय, "हजर!" मुलींची नावं आली, तरी ह्याचं चालूच, "हजर!" मी पंच्याने मारला त्याला, तरी "हजर!" डोळ्यांत पाणी त्याच्या. किती वर्षांनी कोणी त्याचं नाव घेतंय असं वाटलं असेल बिचाऱ्याला.

आणि नेमका तेव्हा खिडकीत यज्ञेशचा माणूस, मोबाइल घेऊन!

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळीकडे. माझा तो गुडघे कानाला लावलेला फोटो, खाली लिहिलं, 'मराठी शाळेसाठी आजोबा बसले बाकावर.' गावाहून विमलाचा फोन, "अहो, तुम्ही टीव्हीवर आहात! तो मळका शर्ट का घातला?" यज्ञेश खूश. आणि भाऊराव? भाऊराव गेला चॅनलवर. तिथं त्या काचेच्या टेबलावर हात आपटून, "ही शाळा नाही, हा घोटाळा आहे! वयोवृद्ध इसम मुलींच्या नावाने हजेरी देतात! हे पाहा, हे पहिल्या बाकावर कोण बसलंय? तिसरीचा विद्यार्थी? बोगस! हा बोगस विद्यार्थी आहे!" आणि पडद्यावर माझ्या तोंडाभोवती लाल गोल! चोराभोवती काढतात तसा! अहो, हजर बोलला नाना आणि गोल माझ्या तोंडाला! श्रुतिका माझ्या मांडीवर बसून बघत होती. मला विचारते, "आजोबा, बोगस म्हणजे काय?"

मी बोललो, "झोप."

मग झाली ती चर्चा. चॅनलनेच ठेवली, आमच्याच शाळेत, वर्गात. तोवर पोरं गावाहून परत आलेली, आयाबाया आलेल्या, पाय ठेवायला जागा नाय, खिडक्यांत पण माणसं. एका बाजूला भाऊराव, दुसऱ्या बाजूला यज्ञेश, मधे ती चॅनलची पोरगी मनवा का कोण, माईक घेऊन. ती भाऊरावला बोलली, "सर, खुर्चीपेक्षा बाकावर बसा ना, छान दिसेल." छान दिसेल म्हटल्यावर भाऊराव कुठं पण बसेल. बसला. पोट आत घेतलं, आत सरकला, पोट सोडलं.

मग यांचं सुरू. एक बोलतो 'गुणवत्ता', दुसरा बोलतो 'अस्मिता'. एक बोलतो 'निधी', दुसरा बोलतो 'षड्यंत्र'. दोघं एकदम बोलतायत, पोरं तोंड उघडून बघतायत, आणि मधुवंतीबाई सवयीने तोंडावर बोट ठेवून उभ्या! शेवटी त्या पोरीने माईक आणला माझ्याकडे. "आजोबा, तुम्हाला बोगस म्हटलं गेलं, तुमची प्रतिक्रिया?"

प्रतिक्रिया! मी उभा राहिलो. मला भाषण येत नाय. मी बोललो, "भाऊराव, तू शिमग्यात पोरं बघायला माणूस पाठवलास, पोरं दिसली नाय, म्हणून शाळा बंद. बरं. मग गणपतीत ये, अख्खी चाळ रिकामी दिसेल, चाळ पण बंद कर! आणि मी टीव्हीवर बघतो, तुमच्या त्या मोठ्या सभागृहात एक जण बोलत असतो आणि बाकी बाकं रिकामी. एक जण तर झोपलेला असतो. ते कधी बंद करणार? की त्याचं पण आग्रा रोडच्या पलीकडे समायोजन करायचं? आणि आम्ही निदान पोरांची जागा धरली. पोरं आली, आम्ही उठलो. तुम्ही एकदा जागा धरली की उठता काय कधी?"

अरे, काय टाळ्या! खिडकीतली पोरं शिट्ट्या मारतायत, यज्ञेश सगळ्यांत जोरात हसतोय, मी त्याला बोललो, "तू हसू नको, तू पण त्यातलाच." भाऊराव लालबुंद, तावातावाने उठायला गेला, "हे पाहा, मी—"

उठेना.

परत जोर लावला. बाक हललं, भाऊराव नाय. पुढची फळी पोटात, मागची पाठीत. दोन कार्यकर्ते धावले, एकाने बगलेत हात घातला, एकाने पाय धरले, मागून बाकाला यज्ञेश लटकलाय, राजकारण बाजूला ठेवून! "साहेब, श्वास सोडा." "साहेब, श्वास घ्या." एक कार्यकर्ता करवत आणायला निघाला, तर मधुवंतीबाई, ज्यांचा आवाज मोठ्या माणसांपुढं कोणी कधी ऐकला नाय, त्या ओरडल्या, "बाक कापायचं नाही! मुलांचं आहे ते!" आणि सुंदराबाई पुढं येऊन, हनुवटीला हात लावून, "आरं बाबा, शाळा बंद करायला आलास आणि शाळाच तुला सोडंना की रं!"

कॅमेरा चालू. सगळं चालू. विमला घरातून खोबरेलची बाटली घेऊन आली. बाटली उलटी करायच्या आधी मी भाऊरावच्या कानाशी गेलो. बोललो, "शाळेचं काय?" तो बोलला, "स्थगिती... तात्पुरती स्थगिती मिळवून देतो... काका, लवकर." "तिकडं बोल, माईकमध्ये." बोलला. मग तेल सोडलं.

हा लाचेचा प्रकार झाला का? झाला असेल. पण तेल माझ्या घरचं होतं.

आणि शब्द पाळला बरं का त्याने, खोटं कशाला बोला. स्थगिती आली. मग एक दिवस भाऊराव घरी आला, शाल, नारळ, आणि फोटोवाला. हात जोडून, "पाष्टेकाका, तोंडातून गेलं, माफ करा." मी बोललो, बस, चहा घे. तर फोटोवाला बोलतो, "साहेब, लाईट नव्हती, परत एकदा." म्हणून परत एकदा माफी मागितली. त्या चॅनलच्या पोरीने पण फोन करून मागितली. आता ह्या डोंगरावर मला बोगस बोलणारा कोणी राहिला नाय. शाळा राहिली, शेंगदाणे आणले, मी नितेशला बोललो, "काय? झालं ना आता? राहा इथंच."

तर पोरगा माझ्या बाजूला बसला. मग बोलला, "बाबा, शाळेचं झालं हो. पण संडास अजून सार्वजनिकच आहे ना. मनालीला दिवस गेलेत. पहाटे उठून डबा घेऊन रांगेत उभी राहते ती, पायऱ्यांवर. तिथं बदलापूरला घरात आहे. दाराला कडी आहे."

आता कोणाच्या बाकाला तेल लावू? पोरगा बरोबर होता. मी आयुष्यभर रांगेत उभा राहिलो, म्हणून सुनेने पण राहायचं? मी बोललो, "जा." तो बोलला, "तुम्ही पण चला." विमला बोलली, "आमचं काय तिकडं, इथं सगळी ओळखीची माणसं."

मेमध्ये टेम्पो आला. सामान खाली पायऱ्यांनी उतरवलं, चाळ उतरवायला लागली, हा सिद्धेश पण होता, कपाट ह्याच्या पायावर पडलेलं. श्रुतिका पुढं ड्रायव्हरच्या बाजूला, मांडीवर विमलाने दिलेली तुळस. मी पायऱ्यांच्या वरूनच बघत होतो, गुडघा ना. टेम्पो चालू झाला तशी तिने डोकं बाहेर काढलं आणि त्या बाजारातून वर ओरडली, "आजोबा, माझी जागा धरून ठेवा हां! मी येते!"

मी ओरडलो, "धरतो!"

जूनमध्ये शाळा उघडली. मी गेलो. मधुवंतीबाईंनी पंख्याचं तोंड माझ्याकडे फिरवलं. श्रुतिकाच्या बाकावर बसलो. रोज जायला लागलो. पोरांना सवय झाली, कोणाच्या पेन्सिलीला टोक काढून द्यायचं, कोणाची बाटली उघडत नाय ती उघडून द्यायची. बाकाजवळ कोणी आलं की बोलायचो, "माणूस येतंय." तिकडून फोन यायचा रोज, "आजोबा, जागा?" "धरलीय." मग रविवारी यायला लागला. मग तिकडं तिला एक मैत्रीण मिळाली, मग फोनवर नुसतं तिचंच. दोघी एका बाकावर बसतात म्हणे. जागेचं काय विचारलं नाय. मी पण काढलं नाय. रमली ना पोरगी, अजून काय पाहिजे? वाईट वाटायचं काय कारण? वाटलं, ती गोष्ट वेगळी.

आणि गेल्या आठवड्यात एक नवीन पोरगी आली वर्गात. गोवंडीला राहायची, आता इथं मावशीकडे आलीय. बारकी, दप्तर तिच्यापेक्षा मोठं. सगळीकडे बघितलं आणि माझ्या बाकाशी येऊन उभी. "आजोबा, इथं कोण बसतं?"

तोंडावर आलं होतं माझ्या, माणूस येतंय. पण येष्टीचा कायदा आहे ना, गाडी सुटायची घंटी वाजली आणि ज्याच्यासाठी धरली तो नाय आला, तर उभ्या माणसाला जागा द्यायची. मग पंचा उचलायचा, भांडायचं नाय. ती पोरगी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. मी उठलो. गुडघा बोंबलला. पंच्याने बाक पुसलं आणि बोललो, "बस बाळा. तुझ्यासाठीच धरली होती."

बस. एवढंच. घे रे सिद्धेश तुझा माईक, शिरा गार झाला माझा. आणि आता घरी जाताना कोणी मला विचारू नका की काका, तुमचा त्या भाऊराववर अजून राग आहे का. त्याने मागितली माफी, दोनदा. ज्या माणसाने माझी माफी मागायची अजून बाकी आहे ना, ते माणूस तिकडं गेलंय, मला इथं जागा धरायला बसवून... श्रुतिका नितेश पाष्टे, मुक्काम बदलापूर.